खो दिला की बसायचं

आपल्याच शाळेतल्या एका माजी विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "सर, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये मला सुपरवायझर केलंय. हाताखाली अठरा माणसं. निम्मी मराठी, काही कन्नड, चौघं बिहार-ओडिशाकडची. परवापर्यंत मी त्यांच्यातलाच एक ऑपरेटर होतो. मालकांनी एका ट्रेनिंगला पाठवलं. तिथं दिवसभर जगातल्या मोठमोठ्या संघांची उदाहरणं दाखवली. ऐकताना भारी वाटलं, पण कामावर परत आल्यावर काय करायचं ते कळंना झालंय. तुम्ही तीस वर्षं खो-खोचे संघ घडवलेत. यातलं नेमकं काय आमच्या कामाला येतं?"

तू आठवीत असताना पाचव्या पाटीवर बसायचास, म्हणून तुला आपल्याच मैदानावरून उत्तर देतो. मोठे संघ मध्ये येतीलच.

खो-खोत पाठलाग करणारे नऊ. आठ जण पाटीवर, एकाआड एक उलट तोंड करून बसलेले, आणि धावणारा एकटा. त्यानं एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागं फिरायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. समोरचा गडी मात्र दोन्ही बाजूंना मोकळा. कितीही चपळ पोरगा असू दे, एकट्याच्या पायांवर गडी बाद होणं अवघडच, असा हा खेळ रचलेला आहे. त्याला खो द्यावाच लागतो. पाठीवर हात, तोंडानं मोठा 'खो', आणि ज्याला खो दिला त्याच्याच पाटीवर लगेच खाली बसायचं.

खो द्यायला पोरं महिनाभरात शिकतात. बसायला वर्ष जातं. गडी दोन हातांवर दिसत असतो, दम चढलेला असतो, गावची माणसं कडेला उभं राहून आपलंच नाव ओरडत असतात, आणि नेमक्या त्या वेळी दुसऱ्याच्या पाठीला हात लावून आपण जमिनीवर बसायचं. गडी बाद करणार तो दुसरा. टाळ्या त्याला. मी एकतीस वर्षांत शिकवलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत अवघड होती. तू आता ज्या खुर्चीवर बसलायस तिथंही हीच सर्वांत अवघड जाणार आहे. तू चांगला ऑपरेटर होतास म्हणून तुला वर घेतलं. आता मशीन अडलं की तुझे हात शिवशिवतात, पोराला बाजूला सारून तू स्वतः ऑफसेट मारतोस, म्हणजे मशीनचं माप जुळवतोस. खरं की नाही? काम पाच मिनिटांत होतं, तुला बरं वाटतं, आणि तो पोरगा होता तिथंच राहतो. तू खो न देता पळत सुटलेला असतोस.

माझ्याकडं असा एक खेळाडू होता. आमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस तुला माहीत आहे. त्या निसरड्या तांबड्या मातीवरही त्याचा सूर, म्हणजे गडी टिपायला मारलेली झेप, कधी चुकला नाही. पण सकाळच्या सरावाला तो यायचा नाही. स्पर्धेच्या आठवड्यात यायचा आणि तरीही सगळ्यांपेक्षा चांगला खेळायचा. मी कानाडोळा केला. मनात हिशेब साधा होता: हा आहे तर जिल्ह्यापर्यंत जातो, हा नसला तर तालुक्यालाच आटोपतो. पावणेसहाला येणारी बाकीची पोरं हळूहळू सहाला यायला लागली, मग सव्वासहाला. मी त्यांच्यावर ओरडायचो. त्यांच्यातलं कुणी उलटून बोललं नाही, आणि तेच मला जास्त खटकायला हवं होतं.

जिल्ह्याच्या सामन्यात तो एकटाच धावत राहिला. दोनदा खो द्यायची वेळ होती, दिला नाही. समोरची पहिली तुकडी हातची सुटली आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. परत येताना बसमध्ये मागच्या सीटवरचा एक राखीव पोरगा, वर्षभर एकही दिवस सराव न चुकवलेला, मला अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, नियम नेमका कुणासाठी हाय?" मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. उत्तर नव्हतंच माझ्याकडं.

पुढच्या वर्षी जूनमध्येच सांगून टाकलं: महिन्यात तीन सराव चुकले तर पुढच्या सामन्याचा पहिला डाव बाहेर, मग तो कुणी का असेना. ऑगस्टमध्ये तो बाहेर बसला. मुख्याध्यापकांचा निरोप आला, गावातल्या दोघातिघांनी समजावून पाहिलं. बसवलाच. सामना आम्ही हरलो. पण पुढच्या सोमवारी पावणेसहाला मैदानावर बाराच्या बारा होते, त्यात तोही. त्या दिवसापासून मला कुणाला वेळेवरून ओरडावं लागलं नाही.

तुझ्या शॉपमध्येही असा एक सेटर असणार. हात सोन्याचे, बाकीच्यांना जो जॉब तीन तासांत लागतो तो हा तासाभरात लावतो. आणि तोच उशिरा येतो, तोच कुणाला काही शिकवत नाही, जॉब धरून ठेवणारं फिक्स्चर कसं बसवलं ते वहीत लिहून ठेवत नाही, कारण सगळं त्याच्या डोक्यात राहिलं तरच त्याची किंमत राहते असं त्याला वाटतं. त्याला वाईट माणूस ठरवू नकोस. अशा कारखान्यात शिकलेलं दुसऱ्याला दिलं की आपली गरज संपते, हे त्यानं कुठंतरी पाहिलेलं असतं. त्याच्याशी चारचौघांत बोलू नकोस. एकट्याला चहाला घेऊन जा, आणि सहा महिन्यांत दोन पोरं तयार करणं हे त्याचं काम म्हणून धरलं जाईल, त्याचा मान आणि पैसा त्यात मोजला जाईल, हे मालकांकडून मंजूर करून घेऊनच बोल. ते मंजूर नसेल तर त्याच्याकडं मागू नकोस, कारण तू त्याला फुकट रिकामं व्हायला सांगत असशील. पण वेळेचा नियम त्यालाही तोच. तिथं सूट दिलीस की बाकीचे सतरा जण त्याच दिवशी पाहून ठेवतात.

वरच्या माणसानं स्वतःला नियमात बसवलं की काय होतं, त्याचं आपल्या जवळचं उदाहरण राहुल द्रविड. घर मराठी, वाढ बंगळूरची, त्यामुळं आपल्या सीमाभागातल्या माणसाला तो दोन्हीकडून आपला वाटतो. २०१८ मध्ये त्याच्या हाताखालच्या एकोणीस वर्षांखालील संघानं विश्वचषक जिंकला. मंडळानं त्याला ५० लाख आणि बाकीच्या सहायकांना प्रत्येकी २० लाख जाहीर केले. हा फरक त्याला पटला नाही. शेवटी सगळ्यांना सारखे २५ लाख मिळाले, म्हणजे त्याचे स्वतःचे निम्मे झाले. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकानंतर पुन्हा तेच: ५ कोटींऐवजी इतर प्रशिक्षकांएवढेच अडीच कोटी त्यानं घेतले. आकडे आपल्या आवाक्यातले नाहीत, ते सोडून दे. जो माणूस नेटमध्ये दिवसभर फलंदाजांना चेंडू फेकून देतो, त्यानं ती बातमी वाचली असेल तेव्हा दुसऱ्या दिवशी तो कुठल्या मनानं मैदानावर आला असेल, एवढंच बघ.

तुमच्या ट्रेनिंगमध्ये न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा झाडू नक्की दाखवला असणार. सामना झाला की मोठमोठे खेळाडू ड्रेसिंग रूम स्वतः झाडून निघतात, ते. जपानचा फुटबॉल संघही असाच. २०१८ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध २-० नं पुढं होते, शेवटच्या क्षणी ३-२ नं हरले, आणि तरी खोली लख्ख करून रशियन भाषेत धन्यवादाची चिठ्ठी ठेवून गेले. मला या गोष्टी मनापासून आवडतात. पण त्या ऐकून सोमवारी एकदम झाडू हातात घेऊन उभा राहिलास तर माणसांना तो देखावा वाटेल. झाडूमागचं कारण आधी कळलं पाहिजे, आणि ते कळायला तालमीत जावं लागतं.

येळ्ळूरच्या नाहीतर कंग्राळीच्या कुठल्याही जुन्या पैलवानाला विचार. पहाटे जोर-बैठकांच्या आधी हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरायचा असतो. चांगल्या तालमीत फावडं पहिल्यांदा मोठा पैलवान हातात घेतो. नम्रतेचा धडा वगैरे पुढचं. माती घट्ट राहिली तर पडणाऱ्याची पाठ सोलते, खांदा निसटतो. आणि तालमीत लहान-मोठे सगळेच पडतात. ज्यानं खूप वर्षं मातीत पाठ टेकवलीय त्यालाच कुठं किती खणायचं ते नीट कळतं, म्हणून तो आधी. लहान पोरं बघून शिकतात. आपल्या मैदानावरचे खडे आठवतात? सरावाआधी सगळ्यांनी ओळीत वाकून वेचायचे आणि ओळीत पहिला कर्णधार. एकदा एकानं विचारलं होतं, शिपायाला सांगायचं की. पण सूर मारताना खडा लागणार तो आपल्या हनुवटीला, शिपायाच्या नव्हे.

तुझ्याकडचे खडे म्हणजे मशीनखालच्या चिप्स, धातूचा तो कीस, आणि सांडलेलं कूलंट. शिफ्ट सुटताना शेवटची दहा मिनिटं सगळ्यांनी आपापलं मशीन साफ करायचं असा नियम बहुतेक ठिकाणी कागदावर असतोच. तू रोज, न बोलता, सर्वांत घाण मशीनपाशी जा. पुढच्या शिफ्टचा माणूस तिथं घसरू नये एवढंच मनात ठेव. महिनाभर कुणाचं लक्ष गेलं नाही तरी चालेल.

आता जरा वेळ देऊन वाच, कारण इथं मी स्वतः चुकलोय.

पहिली आठ-दहा वर्षं मी ओरडणारा मास्तर होतो. खो मिळण्याआधी पाटीवरचा पोरगा उठला की फाऊल. फाऊल झाला की पाठलागाची लय तुटते आणि समोरच्या गड्याला आयती मोकळीक मिळते. मला फाऊलचा भयंकर राग. कडेवरून नाव घेऊन ओरडायचो, सरावानंतर मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो. माझ्या संघाचे फाऊल खरोखर कमी झाले आणि मी खूश होतो. मग एका स्पर्धेत एक वयस्कर पंच सामन्यानंतर जवळ आले. म्हणाले, "मास्तर, तुमची पोरं फाऊल करत नाहीत. पण तुमची पोरं उठतच नाहीत."

मी पुढच्या सामन्यात फक्त पाटीवरच्या पोरांकडं बघितलं. खरं होतं. पाटीवर बसलेल्याला पाठीमागं काय चाललंय ते दिसत नाही. पावलांच्या आवाजावर, समोरच्या सोबत्याच्या डोळ्यांवर त्यानं अंदाज बांधायचा असतो आणि खो पडायच्या क्षणी टाचा उचललेल्या असाव्या लागतात. माझी पोरं टाचा टेकून बसायची. खो कानावर पडला, हात पाठीला लागला, याची पुरती खात्री झाली की मग उठायची. अर्धा सेकंद. तेवढ्यात गडी दोन पाट्या पुढं गेलेला असतो. फाऊल सगळ्यांना दिसतो, पंच शिट्टी मारतो. उशिरा उठणं कुणालाच दिसत नाही, आणि सामना त्यातच जातो. माझ्या ओरडण्यानं मी दिसणारी चूक घालवून न दिसणारी विकत घेतली होती.

त्या पावसाळ्यात मी सरावातल्या फाऊलवर बोलणं बंद केलं. वहीत फक्त उशिरा उठलेल्यांच्या खुणा करायचो. आधी फाऊल वाढले, वाढायचेच होते. दोन महिन्यांनी पोरांना अंदाज आला, तेव्हा तेही उतरले. ज्या पोरांवर आधी ओरडलो होतो त्यांच्यातल्या दोघांनी तोवर खेळ सोडला होता. त्यांची आजही आठवण येते.

तुझ्या मशीनशॉपमध्ये उशिरा उठणं म्हणजे काय, ते तूच जास्त चांगलं सांगशील. माप गेलेला पीस बिनच्या तळाला सरकवलेला असतो. टूल बोथट झाल्याचा आवाज ऐकूनही पोरगा शिफ्ट संपेपर्यंत चालवत राहतो, कारण थांबवलं तर "का थांबवलंस" म्हणून विचारणार. बरोबर? मग कुणी येऊन म्हणालं, "साहेब, पाच पीस गेले," की तुझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघेल त्यावर पुढचं वर्षभर तुला खरं कळणार की नाही, ते ठरतं. "कुणी केलं?" असं निघालं तर संपलं. "कितव्या पीसला लक्षात आलं? मशीन थांबवलंस ना?" एवढंच विचार. चेहरा सांभाळ. पोरं शब्दांआधी चेहरा वाचतात.

याचं मला सर्वांत आवडणारं चित्र अजिंक्य रहाणेचं आहे. १९ डिसेंबर २०२० ला ॲडलेडमध्ये भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. कोहली बायकोच्या बाळंतपणासाठी रजा घेऊन घरी परतला आणि मेलबर्नला कर्णधारपद रहाणेकडं आलं. तिथं तो शतक करून ११२ वर खेळत होता आणि जडेजाबरोबरच्या एका चोरट्या धावेत धावबाद झाला. अशा वेळी फलंदाज काय करतात ते आपण पाहिलंय: बॅट आपटतात, सोबत्याकडं रोखून बघतात. रहाणे जडेजाजवळ गेला, त्याला थोपटलं आणि मग तंबूकडं चालू लागला. जडेजाला तिथून पुढं खेळायचं होतं, आणि त्यानं अर्धशतक केलं. भारत तो सामना आठ गड्यांनी जिंकला. नंतर मालिकाही. रहाणेचे शतकाचे फटके मला आता आठवत नाहीत, ते थोपटणं आठवतं.

एक भेद मात्र ठेव. चूक आणि बेफिकिरी एक नव्हे. फाऊल मी माफ केला, पण धावणाऱ्याला मुद्दाम पाय आडवा घालणाऱ्याला कधीच नाही. मशीनचा गार्ड काढून काम करणारा, दुसऱ्याच्या जिवाशी खेळणारा, तिथं तू कठोरच व्हायला हवंस, आणि त्याच मिनिटाला.

बाकावरच्या माणसांविषयी. आमचा संघ बाराचा असायचा, मैदानावर नऊ, बाहेर तिघं. या तिघांना मी सुरुवातीला पाण्याच्या बाटल्या धरायला ठेवायचो. त्या बसमधल्या प्रश्नानंतर ते बदललं. त्यांना काम दिलं: समोरच्या संघातला कुठला गडी साखळी खेळतो, म्हणजे पाट्यांमधून नागमोडी पळतो, कुठला गोल फिरतो, कोण डावीकडं वळताना अडखळतो, हे तिघांनी वाटून बघायचं. डाव संपला की कर्णधारानं आधी त्यांना विचारायचं, मला नंतर. पहिल्यांदा ते कसनुसे झाले, मग इतकं बारीक सांगायला लागले की मी वहीत उतरवून घ्यायचो. मैदानावर धावणाऱ्याला जे दिसत नाही ते बाहेर बसलेल्याला दिसतं. तुझ्याकडं ही जागा हेल्परची. कुठलं मशीन तेल गळतंय, कुठल्या शिफ्टला चिप्स निळ्या पडून येतात, हे झाडणाऱ्याला सर्वांत आधी कळतं. त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.

त्याच ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर हे कसोटीसाठी नेटमध्ये गोलंदाजी करायला थांबवलेले खेळाडू होते. मुख्य खेळाडू एकामागून एक जायबंदी होत गेले आणि ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीत दोघांनाही उतरवावं लागलं. पहिल्या डावात ६ बाद १८६ असताना सुंदर आणि आपला पालघरचा शार्दूल ठाकूर यांनी १२३ धावा जोडल्या. १९ जानेवारी २०२१ ला ३२८ धावांचा पाठलाग पुरा झाला, आणि चषक हातात आल्यावर रहाणेनं तो नटराजनकडं दिला. अशी माणसं आयत्या वेळी तयार असतात, कारण महिनाभर कुणीतरी त्यांना संघातलंच धरलेलं असतं.

आणि आपल्या मुलींचा क्रिकेटचा विश्वचषक. २०२५ मध्ये साखळीत ओळीनं तीन सामने हरल्या. त्यातल्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला संघाबाहेर ठेवलं होतं. तीच परत आली आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांसमोर नाबाद १२७ करून गेली. प्रशिक्षक अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये शाळेच्या सामन्यात तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागी चालू असताना पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट बघत बसलेला मुलगा तो हाच. पुढं प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या आणि भारताची टोपी कधी मिळाली नाही. बाहेर बसलेल्या मुलीशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे अशा माणसाला कुणी शिकवावं लागलं नसेल असं मला वाटतं.

भाषेचं तू विचारलं नाहीस, पण अठरा जणांत तीन-चार भाषा आहेत म्हणालास, म्हणून सांगतो. आपल्या भागात भाषेवरून बाहेर काय काय घडतं ते आपण दोघांनी पाहिलंय, आणि माझी मतं तुला माहीत आहेत. ती मी मैदानाच्या कुंपणाबाहेर ठेवली. संघात कन्नड बोलणारी पोरं नेहमीच असायची. खेळताना वापरायचे आठ-दहा शब्द आम्ही ठरवून घेतले होते, काही मराठी, काही कन्नड. 'खो' दोघांचाही. 'कुंड्रु' म्हटलं की मराठी पोरगाही बसायचा. दम लागलेला असताना डोक्यात भाषांतर करत बसायला वेळ नसतो, म्हणून शब्द आधी ठरलेले हवेत. तसेच तुझ्या शॉपचे दहा शब्द ठरव: थांबव, माप बघ, टूल बदल, हात काढ. चारही भाषांची माणसं मिळून ठरवा. आणि ओडिशाच्या पोरांची नावं नीट उच्चारायला शीक. 'ए बिहारी' ऐकत काम करणारा माणूस तुला कधीच स्वतःहून येऊन सांगणार नाही की पाच पीस गेले.

बेळगावात राहून हॉकीचा विषय न काढता मला पुढं जाता येत नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानला १-० नं हरवून सुवर्ण जिंकलेल्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते, आणि गोलात होते शंकर लक्ष्मण, मूळचे महूचे, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान. पंजाबच्या, महूच्या, बेळगावच्या पोरांचा तो संघ. १९६६ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत लक्ष्मणच कर्णधार होते आणि तिथंही सुवर्ण आलं. गोलरक्षक कर्णधार असणं त्या काळी अगदी वेगळं होतं. पण विचार कर, गोलरक्षक सर्वांत मागं उभा असतो, त्याला सगळं मैदान समोर दिसतं, आणि गोल मारायचं काम त्याचं नसतंच. दुपारच्या शिफ्टला तू कुठं उभा असतोस? एखाद्या मशीनवर वाकलेला असशील तर बाकीची सगळी तुझ्या पाठीमागं आहेत.

हरल्यानंतरचं थोडक्यात. बसमध्ये सामन्याचा विषय काढायचा नाही हा माझा नियम होता. त्या संध्याकाळी माणूस बोलतो ते स्वतःला वाचवायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर, पाट्या आखून, "इथं काय झालं?" असं विचारायचं, आणि पहिली चूक मी माझी सांगायची. न्यूझीलंडचा तोच रग्बी संघ २००७ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीतच फ्रान्सकडून २०-१८ नं हरला होता. देशभर गदारोळ झाला. तरी प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांना परत नेमलं, कर्णधार रिची मॅकॉ तोच राहिला, आणि २०११ मध्ये त्याच फ्रान्सला ८-७ नं हरवून त्यांनी चषक घेतला. एका गुणानं. तुमचा एखादा लॉट गिऱ्हाईकानं परत पाठवला तर त्याच संध्याकाळी सगळ्यांना उभं करून तासू नकोस. लॉट परत यायची कारणं दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनपाशी जास्त नीट सापडतात.

जिथं हे सगळं लागू पडत नाही, तेही सांगायला हवं. आमचा सामना तासाभरात संपतो, तुझा रोज आठ तास आणि पुन्हा उद्या. माझी पोरं हौसेनं यायची, तुझी माणसं घर चालवायला येतात. ओव्हरटाइमचे पैसे रखडले असतील तर झाडू, थोपटणं, दहा शब्द, सगळं वाया. ते आधी सोडवून घे. आणि "आपण सगळे एक कुटुंब" असं चुकूनही म्हणू नकोस. घरातल्या माणसाला आपण कामावरून काढत नाही. उद्या मंदीत तुझ्याच हातानं एखाद्याला निरोप द्यायची वेळ आली तर तो शब्द तुला आणि त्याला दोघांनाही बोचेल. संघ म्हण. संघात यायचं-जायचं असतं, आणि असेपर्यंत एकमेकांच्या पाठीला हात लावायचा असतो. शिवाय धावायला येत नसेल तर नुसत्या चांगुलपणानं गडी बाद होत नाही. माप घ्यायला शिकवणं, ड्रॉइंग वाचायला शिकवणं, याला पर्याय नाही. मोठ्या संघांच्या गोष्टी सांगताना त्यांच्या सरावाचे तास कुणी सांगत नाही.

येत्या सोमवारी तू एवढंच कर. तुला हमखास येणारं, करायला आवडणारं एक सेटिंग निवड, आणि ते दुसऱ्याला करू दे. तू शेजारी स्टूल घेऊन बस. हात मांडीवर ठेव. त्याला तुझ्यापेक्षा तिप्पट वेळ लागेल, दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा तुझ्याकडं बघेल. विचारलं तरच सांग.

गणपतीच्या सुट्टीत गावी आलास तर पावणेसहाला मैदानावर ये. मी अजून रोज जातो. सातवी-आठवीची पोरं आहेत, एक मुलगी फार छान सूर मारते, पण खो देऊन बसत नाही अजून. तुला पाचव्या पाटीवर बसवतो, तिच्या समोर.